मोठ्या मायचा बल्ब

"अवो, बल्ब बंद आहे! मोठ्या मायचा बल्ब बंद आहे!"

माझी बायको लाटण्यासकट अंगणात आली. तिचा आवाज असा, की तिकडे लकडगंजात लाकडं कापणारे आरे थांबले असतील.

मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. तीन घरं पलीकडे एकटी राहायची, दिवसभर मागावर लुगडी विणायची. तिचा मुलगा, आमचा दादा, काटोलला संत्र्यांच्या धंद्यात. "मायच्या ध्यानात काही राहून नाही राहिलं, मी तिले घेऊन जातो," हे त्याचं टुमणं. तिचं एकच, "माग सोडून मी येत नाही."

मी पडलो रेडिओ दुरुस्त करणारा. मागाच्या पावडीखाली स्विच बसवला आणि कौलांवरून, कडुनिंबावरून तार ओढत आमच्या स्वयंपाकघरात आणली. तार इतकी लागली, की उरली असती तर जरीपटक्याच्या अख्ख्या वस्तीला दोन वेढे बसले असते. तिनं पायानं पावडी दाबली, की आमच्या फळीवरचा टॉर्चचा बल्ब लुकलुकायचा. म्हणजे मोठी माय ठणठणीत. दादानं अट घातली, "महिनाभर पाहतो. दिवसा बल्ब बंद दिसला, तर त्याच दिवशी काटोल."

आणि नेमका आज तो आला होता, मायच्या कपड्यांसाठी रिकामी ट्रंक घेऊन. माझ्याकडे चहा पिता पिता त्यानंच फळीकडे बोट दाखवलं होतं.

आम्ही धावलो, दादा तर ट्रंकेसकट. गल्ली मागे धावली, म्हातारे आमच्याही पुढे गेले. दाराला आतून कडी. "माय! माय वं!" दादानं खांदा दिला, मी दिला, कोणीतरी मुसळ दिलं. दार बिजागऱ्यांसकट आत.

मोठी माय सुपात तुरीची डाळ निवडत बसलेली.

"दार काहून तोडलं गा?"

"बल्ब बंद होता," दादा धापा टाकत म्हणाला.

"आज अमावस्या नाही काय? अमावस्येले कोणी माग चालवते?"

तिथे उभे होतो ते सगळे विणकरांचे पोरगे. पाळण्यात असल्यापासून अमावस्येला माग बंद पाहिलेला. एकाच्याही ध्यानात नव्हतं. दादानं ट्रंकेकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि गुपचूप बिजागऱ्या ठोकायला बसला. संध्याकाळच्या बसनं ट्रंक रिकामीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी बल्ब पुन्हा लुकलुकायला लागला. मी मोठ्या ऐटीत तिला विचारायला गेलो, "मोठी माय, अमावस्येसाठी आणखी एखादं यंत्र बसवू काय?"

मागावरचा धोटा न थांबवता ती म्हणाली, "कॅलेंडर लाव. तुह्या घरी."