साडीखालचे लंगोट

आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून इथे लिहिते आहे.

यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. लघवीवर अजून ताबा नाही. जुन्या सुती चादरींचे लंगोट मी शिवले. रोज धुऊन ते मागच्या दोरीवर, माझ्या साडीखाली वाळत घालायची. पाळीचे कपडे असेच वाळवायला आईने शिकवलं होतं.

आज भंडाऱ्याला तपासणीत सिस्टरनी यांच्या जांघेतल्या जखमा पाहिल्या. "कपडे उन्हात वाळवता ना?"

मी हो म्हणाले. यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

आंधळगावला घरी आल्यावर मागच्या दोरीवरचे ओलसर लंगोट यांनी स्वतः उचलले आणि समोरच्या अंगणात, रस्त्यावरून दिसतील असे वाळत टाकले. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "भाऊ, हे काय वाळवून राहिले जी?"

"माहे लंगोट हायेत, काकू. लघवी थांबत नाही अजून."

"मंग आमच्या तारावर टाका ना. तिथं सांजपर्यंत ऊन रायते."

मी दाराआड उभी होते.

त्या जखमा माझ्या साडीखाली दमट राहिलेल्या लंगोटांनीच झाल्या.

तुमच्या घरी असे कपडे कुठे वाळतात? खरं सांगा.