अकोल्याच्या काकू

आज अमरावतीच्या घरी तुपात डिंक फुलला आणि त्या वासानं जुना विमानप्रवास आठवला. दीड वर्षाच्या मिनूला घेऊन मी एकटीच अमेरिकेला निघाले होते. ती तीन तास रडत होती आणि मी सगळ्यांची माफी मागत होते.

शेजारी अकोल्याच्या एक काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. म्हणाल्या, "माफी काहून मागून राहिली? लेकरू हाय, रडनच. दे तिले इकडं." लेकीसाठी नेलेला डिंकाचा लाडू मोडून त्यांनी मिनूला भरवला, थोपटलं. मिनू झोपली, मीही.

जाग आली तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, "उतरतानी इमान लय हालते का वं? मी पयल्यांदाच बसली."

तेव्हा मला हसू आलं. आज कळतं, एवढी भीती पोटात ठेवून त्यांनी माझं लेकरू सांभाळलं होतं.