केस आहे, ऑर्डर नाही

आमच्या मोशीच्या सोसायटीत सध्या पक्की बातमी आहे की दुसऱ्या मजल्यावरच्या रुक्सानाकाकूंचा मावसभाऊ पुण्यात जज्ज आहे. तळमजल्यावरच्या गिरजाबाईंना विचारा. त्या आधी जिन्याकडे बघतील, पदर सावरतील आणि आवाज खाली आणून सांगतील, "व्हय गं, जज्ज हाय. हिनं एक फोन लावला न् बँकेचा मानूस पळाला." वॉचमन भिमाजीमामांच्या मते तो जज्ज नाही, सीआयडीत आहे, आणि त्यांनी त्याला गेटवर स्वतः सलाम ठोकलाय. गेटवर आला होता तो गॅसवाला. सलाम मात्र खरा आहे.

तर खरं असं की काकूंना मावसभाऊ तीन. एक मंचरला पंक्चर काढतो, एक बेकरीत आहे आणि तिसरा दुबईत एसी दुरुस्त करतो. आणि काकूंनी फोन कुणाला लावलाच नव्हता. नुसता उघडला होता.

काकू चाकणला एका छोट्या कंपनीत येणारा माल तपासतात. गाडीभर सुटे भाग आले की ड्रायव्हर म्हणणार, ताई, एक नंबर माल आहे, डोळे झाकून घ्या. काकू डोळे झाकत नाहीत. एक पीस उचलतात, ड्रॉइंग समोर धरतात, मोजतात. बरोबर निघाला तर हिरवं लेबल, चुकला तर लाल. आणि ज्याचं अजून काहीच कळलेलं नाही त्याला पिवळं, म्हणजे होल्ड. पिवळ्या लेबलच्या मालाला मॅनेजरही हात लावत नाही. घरीही तीच तऱ्हा. भाजीवाल्याचा शब्द, नवऱ्याचा शब्द, शेजारीण म्हणून माझा शब्द, सगळं आधी पिवळं.

नवरा म्हणजे सरदारकाका. ते टेम्पो चालवायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टेम्पो सोसायटीतल्या चिंचेच्या झाडाखाली उभा राहिला आणि घराच्या कर्जाचे सात हप्ते थकले. अकरा वर्षं हप्ते भरलेलं घर, दोन खोल्या आणि एक बाल्कनी, हातचं जायची वेळ आली. बँकेची साठ दिवसांची नोटीसही आली होती. काकांनी ती गादीखाली घातली, बहुतेक तिथे ती आपोआप विरघळेल म्हणून. काकूंना ती चादर बदलताना सापडली तेव्हा साठ दिवस होऊन गेले होते. त्या दिवशी काय झालं ते आमच्या भिंतीतून सगळं ऐकू आलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एका रविवारी वसुलीवाला आला. जयदीप नाव, शर्ट इन केलेला, गळ्यातलं ओळखपत्र मुद्दाम उलटं. बोलणं असं की कस्टमर केअरची बाई आणि तलाठी यांना एकाच खुर्चीत बसवलंय. तो घरात शिरला नाही. जिन्यातच थांबला, सगळी दारं बोटभर उघडली आहेत याची खात्री केली आणि म्हणाला, "पर्सनली घेऊ नका म्याडम, पण कोर्टाची ऑर्डर झालेली आहे. शुक्रवारी पोलीस येणार, कुलूप लागणार. ती प्रोसेसच आहे." हातात रंगीत प्रिंट, वर तराजूचं चित्र. मग आवाज उतरवून, अगदी घरच्यासारखा, त्याने सुचवलं की आत्ता चाळीस हजार रोख दिले तर फाइल महिनाभर खाली दाबता येईल.

सरदारकाका लंगडत कपाटाकडे निघालेसुद्धा. काकूंनी हात आडवा घातला.

"केस नंबर कुठला?"

"नंबरचं तुम्ही काय करणार म्याडम?"

"बघते. बघितल्याशिवाय मी माल आत घेत नाही."

त्याने प्रिंटवरचा नंबर दाखवला. काकूंनी भिंतीला टेकून फोनवर ई-कोर्टची साइट उघडली. राज्य, जिल्हा, कोर्ट, केसचा प्रकार, नंबर, साल. मग ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची असतात, ती दोनदा चुकली. जयदीपने घड्याळ बघितलं. तिसऱ्या खेपेला पान उघडलं. त्या नंबरवर होती कुणा दोन भलत्याच माणसांची चेक न वटल्याची केस, आणि तीही तीन वर्षांपूर्वी संपलेली.

त्यांच्या जागी मी असते तर तिथेच टाळ्या पिटल्या असत्या. काकू थांबल्या नाहीत. नंबर खोटा निघाला म्हणून केस नाहीच, असं थोडंच असतं. त्यांनी नवऱ्याच्या नावाने शोधलं. आणि सापडली. अर्जदार बँक, सामनेवाला सरदार मुजावर, घराचा ताबा मिळावा म्हणून अर्ज. पुढची तारीख सत्तावीस. आदेशाच्या जागी काहीच नाही.

काकांनी मान पुढे करून स्वतःचं नाव वाचलं आणि पायरीवर बसले.

"केस आहे," काकू जयदीपला म्हणाल्या. "ऑर्डर नाही. सत्तावीसला अजून चोवीस दिवस आहेत. तोवर तुमचा हा कागद होल्ड." त्यांनी प्रिंट घेतली, वर पेन्सिलीने तसं लिहिलं, तारीख घातली आणि त्याची सही मागितली. दुसऱ्या फाइलची प्रिंट आली असेल, ऑफिसला विचारतो, असं पुटपुटत तो दोन-दोन पायऱ्या उतरला. गिरजाबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं ते एवढंच. बाईच्या हातात फोन, आणि माणूस पळतोय.

दुसऱ्या दिवशी काकू अर्धी रजा टाकून शिवाजीनगर कोर्टात गेल्या. साइटवर दिसते ती नुसती माहिती, सही-शिक्क्याची नक्कल कोर्टातूनच घ्यायची. तिथे मोफत सल्ला देणाऱ्या साधना नावाच्या वकील भेटल्या. ऑर्डर व्हायच्या आत बँकेला थकबाकी घ्यायला राजी करा, म्हणाल्या, आणि अर्ज मागे घेणार असल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या, तोंडी नको. तोंडी नको हे काकूंना सांगणं म्हणजे माशाला पोहायचा क्लास.

पैसा चिंचेखाली उभा होता. गुडघा बरा झाला की मीच चालवणार, म्हणून काका आठ महिने टेम्पोला गिऱ्हाईक बघू देत नव्हते. पण कोर्टाच्या पानावर आपलं नाव वाचल्यापासून त्यांचं जेवण निम्मं झालं होतं. त्यांनी स्वतःच चाकणच्या एका कांदेवाल्याला फोन केला. गाडी गेली त्या दिवशी गेटपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले, आणि क्लच हळू सोड रे बाबा, एवढं त्यांनी नव्या मालकाला तीनदा सांगितलं. वर येऊन टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून.

बँकेत काकू चार वेळा गेल्या. प्रत्येक वेळी साहेब म्हणायचे, होऊन जाईल, आणि प्रत्येक वेळी काकू म्हणायच्या, इथे लिहा. शेवटी साहेबांनी लिहिलं. हप्ते भरले गेले. तरीही रोज सकाळी सहा दहाला, स्कूटी गरम होईपर्यंत, खाली उभ्या राहून काकू साइट बघायच्याच. शिफ्टचा पहिला पीस तपासल्याशिवाय कधी सोडायचा नसतो, हे त्यांचं उत्तर.

सत्तावीस तारखेला दोघं कोर्टात जाऊन दुपारी परत आले. बँकेच्या वकिलाने अर्ज मागे घेतल्याचं कोर्टात लिहून दिलं होतं. काकांनी जिन्यातच पेढा वाटायला घेतला, पण काकूंनी पुडा काढून घेतला. साइटवर येऊ दे, म्हणाल्या.

मी म्हटलं, सरकारी काम आहे, पंधरा दिवस तरी बघायला नको. काकू म्हणाल्या, आज संध्याकाळच्या आत. आमच्याकडे पाणी दिवसाआड, आणि पहाटे पाचला उठून टाकीची मोटर लावायची पाळी घराघरात फिरते. हरेल त्याने दुसऱ्याच्या घरच्या पाळ्या वर्षभर करायच्या, असं ठरलं. माझ्याच तोंडून ठरलं.

पावणेसहाला काकूंनी फोन माझ्या हातात दिला. वेडीवाकडी अक्षरं मी पहिल्याच खेपेला बरोबर भरली. केस निकाली, अर्ज मागे घेतला. काकांनी पेढ्याचा पुडा सोडला, आणि काकूंनी मला मोटरच्या खोलीची किल्ली दिली.