बिस्किटांच्या डब्यातला अँप्लिफायर

बसस्थानकावर सगळे त्यांना भोंगेकाका म्हणत, आणि काकांना ते मनापासून आवडायचं. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारणं हे त्यांचं काम. तिथला माईक वर्षातले निम्मे दिवस बंदच असायचा. मग काका खिडकीतून मान बाहेर काढून नुसत्या गळ्याच्या जोरावर गाडी पुकारायचे, आणि पार टोकाच्या फलाटावर डुलक्या काढणारा माणूसही पिशव्या सावरत उठायचा. दुरुस्तीचा माणूस आला की काका त्याला म्हणायचे, सावकाश कर बाबा, आमचं काही अडलेलं नाही.

घरी काकू शिवण शिवायच्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं पायाचं मशीन होतं. ते चालू झालं की भिंतीवरचं घड्याळसुद्धा थरथरायचं. बाहेरच्यांना त्या खडखडाटात दोन शब्द बोलता यायचे नाहीत. काकांना मात्र काही फरक पडत नसे. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, चहा झाला की मशीनशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून ते वर्तमानपत्र वाचायला घ्यायचे. पहिल्या पानापासून सुरुवात करून थेट छोट्या जाहिरातींपर्यंत. मध्येच स्वतःची टिप्पणी, मध्येच एखाद्या पुढाऱ्याची नक्कल. जुनं कपाट विकणे आहे, ही जाहिरात ते गाडी पुकारल्याच्या सुरात वाचायचे आणि काकूंना हसताना हातातला कपडा सरळ धरणं जड जायचं. जगात काय चाललंय ते काकूंना ठाऊक असायचं ते असं, कानावाटे, शिवण न थांबवता. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता.

मग काकांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि आवाज तिच्यासोबत गेला. उरली ती कुजबुज. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप समजा. काकूंनी तसं मानलं, आणि काकांनीही. स्थानकावर त्यांना खिडकीतून उठवून मागच्या खोलीत तिकिटांच्या गठ्ठ्यांवर बसवलं. तेही त्यांनी मुकाट्याने घेतलं.

मोडला तो संध्याकाळचा शिरस्ता. घरी आल्यावर बऱ्या झालेल्या काकांनी पहिल्यांदा पेपर हातात घेतला, स्टूल ओढलं आणि वाचायला लागले. ओठ हलताना दिसत होते. मशीनच्या खडखडाटात सगळं बुडून जात होतं. काकूंनी पाय थांबवला आणि कान पुढे केला. काकांनी दोन बातम्या वाचल्या. तेवढ्यात त्यांची नजर मशीनवर अर्धवट राहिलेल्या कपड्यावर गेली. त्यांनी पेपरची घडी घातली आणि हातानेच खूण केली, तू तुझं काम कर. दुसऱ्या दिवसापासून ते आतल्या खोलीत पलंगावर बसून मनातल्या मनात वाचायला लागले. काकूंनी दोन-तीनदा बोलावलं. ते नुसतं हसून मान हलवायचे. काम थांबवून आपलं ऐकायचं म्हणजे दया झाली, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांच्या मनाने एकदा घेतलं की घेतलं.

ती शांतता काकूंना सोसेना. मशीनचा खडखडाट एरवी त्यांना ऐकूही यायचा नाही, आता तो डोक्यात जायला लागला. शेवटी माळ्यावरचा जुना रेडिओ काढून त्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या भाऊंकडे गेल्या.

भाऊंचं दुकान म्हणजे बोळकंडीएवढी खोली. छतापर्यंत उघडे पडलेले रेडिओ, तारांची जंजाळं, आणि मध्ये एका दिव्याखाली भाऊ. फळी अर्धीच उघडी होती. भाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशनची पाळी यायची होती आणि तोवर नवीन काम घेणं त्यांनी बंद केलं होतं. तरी त्यांनी रेडिओ मांडीवर घेतला, बोटांनी चाचपला, कानाशी नेऊन हलवला. म्हणाले, वहिनी, हा गेला. स्पीकर तेवढा चांगला आहे याचा.

काकू रेडिओ उचलायला वाकल्या आणि वाकल्यावाकल्याच म्हणाल्या, "स्पीकर चांगला आहे, तर त्यातून यांची कुजबुज नाही का यायची?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याने दिसण्यात काही फरक पडत नव्हता, पण विचार करताना ती त्यांची सवय होती. मग त्यांनी समजावून सांगितलं. रेडिओची कामं दोन. लांबून आलेलं पकडायचं आणि पकडलेलं मोठं करायचं. इथे पकडायचं काहीच नाही, माणूस समोर बसलाय. राहिलं नुसतं मोठं करणं. त्याला आठ पायांची एक चिप, मूठभर सुटे भाग, एक माईक आणि सेल पुरतात. याला अँप्लिफायर म्हणायचं. मोठे असतात ते सभांना लावतात, हा खोलीपुरता.

"मीच करून दिला असता," भाऊ म्हणाले, "पण आता सोल्डर करायला गेलो तर बोटच चिकटवीन. डोकं माझं, डोळे तुमचे. बघा जमतंय का."

काकूंनी सुटे भाग बसवायचा बोर्ड उजेडात धरून त्याची भोकं पाहिली आणि म्हणाल्या, सुईच्या नेढ्यापेक्षा मोठीच आहेत की.

दुपारचं जेवण आटोपलं की त्या भाऊंकडे जायला लागल्या. घरी सांगितलं की बटणं आणायला जाते. भाऊंनी आकृती काढायला खडू मागितला तेव्हा काकूंनी पिशवीतून शिवणाचा खडू काढून दिला, आणि तपकिरी कागदावर भाऊंनी अंदाजाने मोठमोठ्या रेघा ओढल्या. काकूंना त्यात पहिल्यांदा काही कळलं नाही. मग त्यांनी तो कागद कटिंगच्या नमुन्यासारखा पुढ्यात घेतला आणि विचारलं, याची सुलट बाजू कुठली. भाऊ खूप वेळ हसले. पण प्रश्न बरोबर होता. चिपच्या एका टोकाला खाच असते, तिच्यावरून सुलट-उलट ठरतं. तिथून पुढे त्यांना एकमेकांची भाषा कळायला लागली.

रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे काकूंनी झटक्यात ओळखले. तपकिरी कुठला आणि मातकट लाल कुठला, हे दोऱ्याच्या रिळांमध्ये त्यांचं आयुष्यभर चालूच होतं. अडलं ते सोल्डरपाशी. सोल्डरिंग आयर्न त्या इस्त्रीसारखं दाबून धरायच्या, आणि वितळलेलं कथील मण्यासारखं गोळा होऊन भलतीकडेच घरंगळायचं. भाऊ सांगायचे, कथील नाही तापवायचं, जोड तापवायचा, मग ते आपणहून पळत येतं. झालेले टाके भाऊ नखाने ओढून बघायचे, निम्मे हातात यायचे. काकू म्हणायच्या, बरं, उसवते. उसवण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. त्यात त्यांची उमर गेली होती. आणि धुरातल्या राळेचा तो वास त्यांना आवडायला लागला. गोडसर, जरासा घशाला लागणारा. पुढे कितीतरी वर्षांनी कुठल्याशा दुकानासमोरून जाताना तो वास आला, तेव्हा त्या रस्त्यातच थबकल्या होत्या.

घरी काकांना संशय यायला लागला होता. एकदा त्यांनी काकूंचं बोट धरून भाजल्याचा डाग पाहिला आणि भुवया उंचावल्या. काकू म्हणाल्या, इस्त्री लागली. काका कुजबुजले, "इस्त्रीला सुईएवढं टोक कधीपासून फुटलं?" काकूंनी विषय बदलला.

जोडणी पुरी झाली त्या दुपारी भाऊंनी सेल लावायला सांगितले. काही नाही. भाऊंनी बोट फिरवलं आणि एका गोल कपॅसिटरवर थांबले. तो कोमट झाला होता. उलटा बसला होता. काकूंना एवढी शरम वाटली, जणू कॉलरच उलटी लावली. नवीन लावला. आता स्पीकरमधून फट फट फट असा आवाज यायला लागला, मोटारबोट चालल्यासारखा. काकू घाबरल्या, भाऊ खूश झाले. म्हणाले, जिवंत आहे, आता वळण लावायचं. सेलच्या दोन तारांमध्ये आणखी एक मोठा कपॅसिटर टाकला आणि मोटारबोट थांबली. माईकवर काकूंनी नख वाजवलं तर स्पीकरमध्ये कुणीतरी दार ठोठावल्यासारखं झालं.

मग ते सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, आणि झाकण लावताच पुन्हा मुकं झालं. बोर्डाच्या खालचे जोड पत्र्याला टेकत होते. इथे मात्र काकूंना भाऊंची वाट पाहावी लागली नाही. त्यांनी घरून जाड कॅनव्हासचा तुकडा आणला आणि डब्याला आतून व्यवस्थित अस्तर लावलं, कोपरे दुमडून. भाऊंनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, अस्तर लावलेला अँप्लिफायर माझ्या हाताखालून आजवर गेला नव्हता.

डबा घरी आला. काकूंनी तो मशीनवर ठेवला आणि माईक काकांच्या हातात दिला. बटण फिरवलं तशी कान फाडणारी शिट्टी वाजली, कारण माईक स्पीकरच्या तोंडासमोरच होता. काकूंनी काकांचा हात धरून बाजूला केला. शिट्टी थांबली.

"काय बोलू?" काका कुजबुजले, आणि डब्यातून ते खोलीभर आलं. खरखरीत, वाळूवरून काहीतरी ओढत नेल्यासारखं.

काकांनी डब्याकडे पाहिलं. मग माईक खाली ठेवला आणि म्हणाले, "हा माझा आवाज नाही." माईक खाली असल्यामुळे हे फक्त काकूंनाच ऐकू आलं.

काकूंना वाईट वाटलं. इतक्या दुपारी त्या डब्यापायी खपताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. डबा असलेलं मोठं करतो, गेलेलं आणत नाही. काकांच्या मनात कुठेतरी आशा पालवली असणार, आणि ती आपणच हातात देऊन काढून घेतली, असं त्यांना वाटत राहिलं. भाऊंना त्यांनी एवढंच सांगितलं की चालतो. डबा मशीनवरच्या फळीवर गेला. त्याच्यावर कापडाचे तुकडे साठायला लागले.

असेच काही दिवस गेले. एका संध्याकाळी काकू एका कोटाची बाही लावत होत्या. बाही नाठाळ होती, मशीन जोरात चाललं होतं. अचानक डोक्यावरून आवाज आला, "अगं, दूध उतू चाललंय."

काकू अशा दचकल्या की सुई बाहीबाहेर गेली. मागे काका उभे होते, एका हातात माईक, दुसऱ्या हाताने फळीवरचा डबा धरलेला, कापडाचे तुकडे खांद्यावर. आतून दोनदा हाका मारल्या होत्या, ऐकू कसल्या जाणार. गॅस बंद करण्याऐवजी माणूस डब्याकडे धावत आला होता. हे काकूंच्या ध्यानात आलं तेव्हा दूध सगळं ओट्यावर होतं.

"गॅस कोण बंद करणार?" त्या म्हणाल्या.

काकांनी ओट्याकडे पाहिलं. मग माईक तोंडाशी नेऊन म्हणाले, "सुचलं नाही." आणि हसायला लागले. ते हसू डब्यातून करवत चालवल्यासारखं येत होतं आणि त्यामुळे दोघांना आणखीच हसू येत होतं. ओटा पुसून झाला. चहा त्या दिवशी बिनदुधाचा झाला. चहा संपल्यावर काकांनी स्टूल ओढलं, गुडघ्यावर पेपर पसरला आणि माईक कॉलरला टाचून द्यायला सांगितलं.

"आवाज आवडत नाही ना?" काकूंनी पिन लावता लावता विचारलं.

"मला नाही आवडत. पण ऐकायचा तुला आहे."

काकूंनी मशीन सुरू केलं आणि काकांनी पहिलं पान वाचायला घेतलं.

पुढे पुष्कळ वर्षं ते चाललं. आवाज नवा होता, नकला पूर्वीसारख्या जमत नव्हत्या, सगळे पुढारी एकाच सुरात बोलायचे. पण माईक अगदी गळ्याशी असल्यामुळे आधी कधी न ऐकलेलं बरंच काही ऐकू यायचं. पान उलटल्याची सळसळ, चहाचा घोट. आणि वाचायला सुरुवात करण्याआधीचा एक लहानसा श्वास. हा श्वास काका पूर्वीही घेत असणार. त्यांच्या त्या दणदणीत आवाजापुढे तो कुणाला कळणार होता?

भाऊंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. दिसायला लागल्यावर त्यांनी डबा मागवून घेतला, झाकण उघडून बोर्ड उजेडात धरला. आपण सांगितलेलं आणि बोटांनीच चाचपलेलं ते डोळ्यांनी आता पहिल्यांदा बघत होते. काकू परीक्षेला बसल्यासारख्या उभ्या. भाऊ म्हणाले, टाके जरा जाड आहेत. मग आणखी थोडं निरखून म्हणाले, पण जन्मात सुटायचे नाहीत. काकांसारखंच गळ्याचं ऑपरेशन झालेले आणखी दोघे-तिघे काकांच्या ओळखीने आले, त्यांनाही काकूंनी असे डबे करून दिले. त्यांचे टाके बारीक आले होते.

काका गेले ते चांगले म्हातारे होऊन, झोपेत. काकूंचं मशीनही आता मंदावलंय, दिवसाला एखादा कपडा होतो. नातसून म्हणते, हल्ली तळहातावर मावेल एवढं यंत्र मिळतं, आवाज स्वच्छ, खरखर अजिबात नाही. काकू म्हणतात, असेल.

डब्यातले सेल त्यांनी काका गेल्यानंतर काही आठवड्यांनी काढले. तसेच राहिले तर त्यांना पाणी सुटतं आणि आतल्या पट्ट्या गंजतात. पट्ट्या फडक्याने कोरड्या केल्या, अस्तराचा एक कोपरा सुटला होता तो शिवला, आणि झाकण लावून डबा फळीवर ठेवून दिला. माईकची वायर काका नेहमी गुंडाळायचे तशी सैल, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळली. ती घट्ट गुंडाळलेली त्यांना चालायची नाही.