मेणकापडावरचा एत्यूद

लेओकाद्या बाईंची स्तुती ऐकायची असेल तर माझ्याकडे येऊ नका. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे पियानो शिकले. तेवढ्या काळात त्यांनी मला एकदाच 'छान' म्हटलं, तेही मी खिडकी लावली म्हणून.

पोलंडमधल्या वूच शहराच्या संगीत शाळेत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. अंगात बारा महिने तोच तपकिरी स्वेटर, खिशात काडेपेटी. सिगारेट मात्र त्या ओढत नसत. पियानोवर डाव्या बाजूला त्या दहा काड्या मांडत. ओळ बिनचूक वाजली की एक काडी उजवीकडे सरकायची. चूक झाली, मग ती नवव्या काडीला का असेना, की सगळ्या परत डावीकडे. मुलं रडकुंडीला येत आणि बाई शांतपणे चहा पीत.

शेवटच्या वर्षी पदविकेसाठी त्यांनी मला एक एत्यूद दिला. बोटांचा कस काढण्यासाठीच लिहिलेली, गेल्या शतकातली रचना. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं, म्हणजे नेमकी दुबळी, भरधाव वरखाली धावणार आणि अंगठा-तर्जनी त्याच वेळी खालचे स्वर दाबणार. पानभर वाजवलं की माझ्या हाताचं कोपरापर्यंत लाकूड व्हायचं.

"कणीक मळतेयस का?" बाई म्हणायच्या. "हळू. त्याहून हळू. मनगट सैल. हात आवळला की थांबायचं, मर्दुमकी दाखवायची नाही. आधी ती तीन बोटं एकटी चालव, मग बाकीची. आणि शेवटची ओळ आधी बसव, मग तिच्या आधीची. म्हणजे वाजवताना पुढे पुढे सोपं होत जाईल."

आई दाराबाहेरच्या बाकावर विणत बसायची. धडा संपला की बाई तिच्याशी दोन शब्द बोलत. काय बोलत, ते मी कधी विचारलं नाही.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना आई गेली. मी रडले नाही. त्यात धीर वगैरे काही नव्हता, आत काही हललंच नाही. पोरगी दगड आहे, असं शेजारणी कुजबुजल्या आणि मलाही ते पटलं. शोकाच्या रिवाजाप्रमाणे बाबांनी आरशावर चादर टाकली, पियानोला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. "वर्षभर या घरात काही वाजणार नाही," एवढंच ते म्हणाले. मी शाळेत जाणं सोडलं. पदविका नाही मिळाली तर बाबा राबायचे त्याच सूतगिरणीत कामाला जायचं हे ठरलेलं होतं, पण त्याचंही मला काही वाटेना.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी बाई घरी आल्या. सांत्वनाचा एक शब्दही न बोलता कोटासकट स्वयंपाकघरात बसल्या. बाबांनी चहाचे ग्लास भरले.

"पियानो बंद आहे," बाबा म्हणाले.

"असायलाच हवा," म्हणत बाईंनी टेबलाच्या मेणकापडावर दहा काड्या मांडल्या. "इर्मिना, उजवा हात. पहिली ओळ."

"टेबलावर?"

"टेबलाला काय झालंय? आवाज नाही, म्हणजे शोकही मोडत नाही."

मी बोटं चालवली. एक काडी सरकली, दुसरी, तिसरी. सगळं दुसऱ्याच कुणाच्या हाताने चालल्यासारखं. सहाव्या वेळी चौथं बोट घसरलं. कुणाला कळायचं कारण नव्हतं, म्हणून मी तशीच पुढे गेले. बाईंनी तळव्याने सगळ्या काड्या मागे ओढल्या.

"मी चुकले नाही," मी म्हणाले.

"चुकलीस."

"तुम्हाला कसं कळलं? ऐकू तर काहीच येत नाही."

"चुकायच्या आधी तू श्वास धरतेस. नऊ वर्षं धरतेयस. माझं लक्ष नव्हतं, तुझ्या आईने सांगितलं. दाराच्या काचेतून ती तेवढंच बघत असायची."

बाबांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मी श्वास सोडला, आणि त्याच्यामागोमाग जे आलं ते काही केल्या थांबेना. नाक, डोळे, सगळं मेणकापडावर गळत होतं. बाईंनी मला जवळ घेतलं नाही की रुमाल दिला नाही. पहिल्या काडीवर बोट ठेवून त्या थांबल्या होत्या.

"रड," त्या म्हणाल्या. "मनगट मात्र सैल ठेव."