आईच्या फोटोतला डाग

फोटोग्राफरचं सगळं नाव त्याच्या हातावर उभं होतं. मोठमोठ्या नट्या म्हणायच्या, "दादा, तुमच्या हातात जादू आहे." कसली डोंबलाची जादू! तो हात कशावर बसला ते ऐका.

बापाचा फोटो स्टुडिओ होता आणि बापाचा हात तोंडाआधी चालायचा. एकदा त्याने आईच्या डोळ्याखाली असा ठोसा मारला की आठवडाभर काळंनिळं. नेमका तेव्हाच घरातल्यांचा फोटो काढलेला. बापाने निगेटिव्ह आणि टोकदार शिसपेन्सिल पोरापुढे सरकवली. "घे, साफ कर." निगेटिव्हवर असा डाग फिका दिसतो, त्यावर हलकी पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत तो गायब. पोराने काम इतकं सफाईने केलं की बापाने जन्मात पहिल्यांदा त्याची पाठ थोपटली.

दोन वर्षांनी त्याच बापाने आईला जिन्यावरून ढकललं. ती जागीच गेली. पोलिसांनी भिंतीवर टांगलेला तोच साफ केलेला फोटो बघितला. "चांगला सुखाचा संसार दिसतोय. पाय घसरला असेल." झालं, विषय संपला!

पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला. फॅशनची मासिकं आली, नट आले, पैसाही आला. आईबद्दल तो कुणाशी चकार शब्द बोलला नाही.

मग एका दुपारी एक गाजलेला नट बायकोला घेऊन आला. मुखपृष्ठाचा विषय होता, आदर्श जोडपं! मेकअपच्या आधी एक फोटो काढून उजेड बघायची फोटोग्राफरची पद्धत. त्या फोटोत बायकोचा गाल सुजलेला, कानाखाली रक्त सुकलेलं.

"नेहमीसारखं साफ कराल ना, दादा?" ती पुटपुटली.

नेहमीसारखं! चार वर्षं तो तिचे डाग पुसत होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

"नाही करणार. हा फोटो घे आणि पोलिसांकडे जा."

नटाने ते ऐकलं. दिव्याचा लोखंडी स्टँड उचलून त्याने पहिला घाव फोटोग्राफरच्या उजव्या हातावरच घातला. बोटं काडकन मोडली. दुसरा घाव डोक्यात. रक्त डोळ्यांत उतरलं, कॅमेरा घरंगळत बायकोच्या पायाशी गेला. तिसऱ्यांदा स्टँड वर गेला.

"इकडे बघ!" ती किंचाळली. कॅमेरा तिच्या हातात होता.

आणि काय सांगावं, वीस वर्षांची सवय! समोर कॅमेरा दिसताच नटाने मान जराशी वळवली, हनुवटी उचलली आणि तो हसला. रक्ताळलेला स्टँड तसाच उगारलेला. तिने बटण दाबलं. तेवढ्यात बाहेरची माणसं दार ढकलून आत शिरली आणि त्यांनी त्याला आडवा पाडला.

दोन दिवसांनी ती दवाखान्यात आली. पोलिसांनी दोन्ही फोटो घेतले होते. प्रती तिने त्याच्या उशाशी ठेवल्या. "हे साफ करायचे नाहीत हं, दादा."

प्लास्टरमधला हात छातीशी धरून तो लहान पोरासारखा रडला. "आईचापण करायला नको होता गं."