सात बोटांची परीक्षा

यार्डात त्याला सगळे नमुना म्हणत. नाव होतं त्याला, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं, पण ते बिचारं हजेरीच्या वहीतच पडून असे. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी शाबूत. मधली तीन बोटं अकरा वर्षांपूर्वी गेली. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो हात ड्युटीवर जायचा.

पत्र्याच्या शेडवरच्या खोलीत क्रेनच्या होणाऱ्या सुपरवायझरांचा सुरक्षेचा वर्ग भरे. शिकवायला मास्तर. हा मास्तर म्हणजे असामी होती. शंभर फुटांवर ओझं कसं न्यावं हे तासभर सांगेल, पण स्वतः शिडीच्या तिसऱ्या पायरीवर देवाचा धावा करायचा! चहाच्या सुट्टीआधी तो टेबलावर छडी आपटायचा: "आता आमचा नमुना बघा."

नमुना पुढे येई, हात वर धरी आणि पाठ म्हणून दाखवी: "दोर ताणला तेव्हा माझा हात आत होता. लक्ष नव्हतं. चूक माझीच." मास्तर छडीच्या टोकानं एकेक बोट दाखवायचा, नसलेलीसुद्धा. वर्ग आधी हळहळे, मग हसे. "काका, हातमोज्यात भाडेकरू ठेवा, तीन खोल्या रिकाम्याच आहेत!" असं एकानं म्हटलं तेव्हा मास्तराच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं होतं. नमुनाही हसला. न हसून करतो काय?

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्या दिवशी मास्तर सुपरवायझर होता. पाइपांच्या मोळीला नमुना क्रेनचा तारेचा दोर घालत होता, हात अजून दोराखालीच. मास्तरानं पाठमोऱ्यानंच ट्रकवाल्याशी बोलता बोलता क्रेनवाल्याला उचलायची खूण केली. झालं! संध्याकाळी दवाखान्यात येऊन तो कानाशी म्हणाला, "चूक तुझी म्हण. नोकरी मी सांभाळतो." नोकरी त्यानं सांभाळली, हेल्मेटं वाटायच्या खिडकीत नमुन्याला बसवलं. आणि ज्याच्या खुणेनं बोटं गेली, तोच पुढे अपघातातला जाणकार म्हणून शिकवायला लागला. आंधळ्याच्या हाती कंदील म्हणतात तो असा.

तर यंदा यार्डात तिसरी क्रेन आली आणि सुपरवायझर कमी पडला. नमुन्यानं अर्ज टाकला. सुपरवायझरचं निळं हेल्मेट मिळालं, तर त्या टेबलापुढे उभं राहणं कायमचं सुटणार होतं. त्याला तेवढंच हवं होतं.

घरी मुलीनं अख्खं पुस्तक घोटून घेतलं. भाकरी थापता थापता बायको ऐकायची.

"बाबा, दोराच्या तारा तुटलेल्या दिसल्या तर?"

"दोर बाजूला. काम बंद."

"आणि साहेब ओरडला तर?"

"ओरडू दे. काम बंद."

"अहो," बायको म्हणाली, "निळं हेल्मेट डोक्यावर चढलं म्हणून घरात शिट्टी फुंकू नका. इथली सुपरवायझर मी आहे."

"तुझ्या क्रेनखाली कोण उभा राहील, बाई!" तो म्हणाला आणि तिघंही पोट धरून हसली.

लेखी परीक्षा डाव्या हातानं दिली आणि पहिला आला. मग प्रात्यक्षिक, परीक्षक मास्तरच. दोन टनांचा सिमेंटचा ठोकळा उचलून पांढऱ्या रेघांच्या चौकटीत ठेवायचा. त्यानं चारही दोरांवरून हात फिरवून पाहिला. एकाच्या तारा उसवल्या होत्या, तो फेकून दुसरा मागवला. रिकामटेकडे हाकलले. क्रेनवाल्याला डाव्या हातानं खुणा केल्या आणि ठोकळा पिसासारखा खाली आला, रेघेपासून वीतभरही इकडेतिकडे नाही. बघे टाळ्या वाजवायला लागले.

"थांबा," मास्तर म्हणाला. "आणीबाणीची खूण राहिली. ठोकळा परत उचला."

ठोकळा वर गेला. नमुन्यानं दोन्ही हात पसरून वर केले. क्रेन जागच्या जागी थांबली.

मास्तरानं केबिनकडे बघून हाक मारली, "काय दिसलं रे तुला?"

"थांब म्हणाला," क्रेनवाला वरून ओरडला. "थांबलो की!"

"तू ओळखीचा आहेस म्हणून थांबलास. नवा माणूस असता तर?" मास्तरानं पुस्तक उघडून चित्रावर बोट ठेवलं. "दोन उघडे पंजे. आता मोजू या." आणि सगळ्यांदेखत छडीनं मोजायला लागला, एक, दोन, अगदी प्रेमानं, बालवाडीत मोजतात तसं. "सात. पुस्तकात दहा आहेत."

कुणीतरी खुदकन हसलं. मग टाळ्या वाजवणारेही हसले.

मास्तर त्याला कोपऱ्यात घेऊन गेला. "वाईट वाटून घेऊ नकोस. सुपरवायझर काय, छप्पन्न मिळतील. तुझ्यासारखा हात मी कुठून आणू?"

घरी त्यानं फक्त "नाही झालं" एवढंच सांगितलं. मुलीनं पुस्तक उघडून ते चित्र बराच वेळ पाहिलं. बायकोनं पुस्तक मिटलं आणि ताट वाढलं.

पुढचा सोमवार उजाडला. वर्ग गच्च भरलेला. छडी आपटली. "आता आमचा नमुना बघा."

तो पुढे आला, हात खालीच ठेवून म्हणाला, "चूक माझी नव्हती. माझा हात आत होता तेव्हा उचलायची खूण या मास्तरांनी केली. त्यांची पाठ होती माझ्याकडे."

सगळे मास्तराकडे बघायला लागले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या हाताकडे कुणी बघत नव्हतं.

मास्तर मात्र हसला. शांतपणे फळ्याकडे वळला आणि खडू उचलला.

"लिहून घ्या, मुद्दा नववा. अपघात झालेला माणूस पुढे पुढे दोष दुसऱ्यावर टाकतो. म्हणून जबाब त्याच दिवशी घ्यायचा. यांचा घेतलेला आहे, फायलीत आहे, खाली यांचाच अंगठा आहे." मग नमुन्याकडे वळून, "आहे ना?"

होता. डाव्या हाताचा. सही येत होती त्याला, पण उजवा हात तेव्हा बँडेजमध्ये होता.

"आहे," तो म्हणाला.

पेनं भराभर कागदावर चालायला लागली.

"हात जरा वर धरा. मागच्यांना दिसत नाही."

त्यानं हात वर धरला.

मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "मास्तर, बोटं कुठली लिहायची, गेलेली की राहिलेली?"

"गेलेली," मास्तर म्हणाला. "परीक्षेला तीच येतात."